मराठी नियतकालिकांतील स्फुटांचा संसार

मराठी वर्तमानपत्रांचा आणि मासिकांचा इतिहास सांगताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच अग्रलेखांकडे, गाजलेल्या वादांकडे आणि राजद्रोहाच्या खटल्यांकडे जाते. परंतु जुन्या अंकांचे बांधीव खंड उघडून पानामागून पान वाचू लागल्यास असे दिसते की, त्यांतील बराच मोठा भाग चार-सहा ओळींच्या, फार तर अर्ध्या रकान्याच्या, तुटक मजकुराने भरलेला आहे. कोणत्या जिल्ह्यात पाऊस किती झाला, धान्याचा भाव कोठे चढला, कोणत्या गव्हर्नराची स्वारी कोठे गेली, विलायतेत कोणते नवे यंत्र निघाले, कोणत्या गावी नाटकमंडळी उतरली आहे, अशा परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टी तेथे एकाखाली एक नांदत असतात. या मजकुराला कोणी ‘स्फुट’ म्हटले, कोणी ‘संकीर्ण’, कोणी ‘वर्तमानसार’. नावे निरनिराळी असली तरी जात एकच, आणि ती म्हणजे स्वतंत्र लेखाची प्रतिष्ठा न मिळालेली, बहुधा बिननावी, सुटी माहिती. नियतकालिकाचे धोरण अग्रलेखात सांगितले जाते हे खरे, पण त्याचा स्वभाव या सुट्या मजकुरात उघडा पडतो. कारण तेथे संपादक युक्तिवाद करीत नसून निवड करीत असतो, आणि कोणाची बातमी बातमी ठरते व कोणाची ठरत नाही हे निवडीवरूनच कळते.

छापखाना येण्यापूर्वी महाराष्ट्रात बातमी नव्हती असे मुळीच नाही. पेशव्यांचे वकील परदरबारी असत आणि तेथून पुण्यास नियमित पत्रे पाठवीत; दिल्ली दरबारातील हिंगणे घराण्याची वकिली या बाबतीत प्रसिद्ध आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या ४५ खंडांत आणि इतर साधनग्रंथांत अशी बातमीपत्रे विपुल आहेत. त्यांत फौजांच्या हालचाली, दरबारातील मसलती, सावकारांचे तगादे, कोणाचे आजारपण आणि कोणाचे लग्न हे सारे एकाच कागदावर, एकाच दमात येते. मिश्र मजकुराची सवय म्हणजे मराठी लेखणीला पूर्वीपासूनच होती. मात्र या पत्रांचा वाचक एकच, किंवा एकाच दरबारातील चार माणसे. बातमी ही सत्तेची गुप्त ठेव होती आणि ती फुटणे हा गुन्हा होता. छापील पत्राने बातमी जमवण्याच्या पद्धतीपेक्षा अधिक मोठा बदल केला तो बातमीच्या मालकीत. वर्गणी भरणाऱ्या कोणालाही ती मिळू लागली.

बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले तेव्हा ते पाक्षिक होते आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ते साप्ताहिक झाले. पान दोन रकान्यांचे, एकात इंग्रजी व शेजारच्या रकान्यात मराठी, अशी त्याची मांडणी होती. हेतू असा की इंग्रज अधिकाऱ्याला एतद्देशीयांचे मन कळावे आणि एतद्देशीयाला नवी विद्या कळावी. पहिल्या अंकात पत्राचे हेतू सांगताना बाळशास्त्र्यांनी लोकांचे मनोरंजन, चालू काळातील घडामोडींची खबर आणि स्वतःची योग्यता वाढवण्याचे मार्ग अशा तीन गोष्टी एकत्र मांडल्या. या तिन्हींना एकाच पत्रात स्थान देण्याचा निर्णय वरवर साधा वाटतो, पण मराठी नियतकालिकाचा पुढील शतकभराचा साचा त्याने घालून दिला. पत्र काढताना बाळशास्त्री विशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे त्यांनी एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन केले, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले, प्राचीन ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर निबंध लिहिले आणि १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची छापील प्रत सिद्ध केली. ज्याच्या स्वतःच्या डोक्यात इतके विषय एका वेळी नांदत होते, त्याच्या पत्रात ते नांदले नसते तरच नवल. ‘दर्पण’ जून १८४० मध्ये बंद पडले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. इतिहास, भूगोल व सृष्टिशास्त्र यांची माहिती देणारे हे मासिक बातमीपासून दूर राहिले, त्यामुळे वर्तमानपत्र आणि मासिक यांच्यातील श्रमविभागणीही त्यांच्याच हातून सुरू झाली असे म्हणता येते.

भाऊ महाजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोविंद विठ्ठल कुंटे यांनी १८४१ मध्ये काढलेल्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात हा साचा अधिक धारदार झाला. एकीकडे मुंबईच्या खबरा, दुसरीकडे फ्रान्समधील राज्यक्रांतीचा क्रमशः येणारा इतिहास आणि १८४८ पासून गोपाळ हरी देशमुख यांची ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने येणारी पत्रे, असे विजातीय पदार्थ त्यात एकत्र शिजत होते. ही पत्रे आज ‘शतपत्रे’ या नावाने स्वतंत्र ग्रंथ म्हणून वाचली जातात आणि त्यामुळे ती मुळात एका साप्ताहिकाच्या मिश्र मजकुराचा भाग होती, हे सहज विसरले जाते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागेत, बातम्यांच्या सोबतीने वाचावयाचा मजकूर म्हणूनच त्यांची वाक्ये आखूड आणि प्रहार थेट आहेत. ग्रंथ लिहावयास बसलेला लेखक अशी भाषा क्वचितच वापरतो.

पत्रात येणारा मजकूर मिळे कोठून, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. आजच्या अर्थाने पगारी बातमीदार ठेवण्याची ऐपत आरंभीच्या मराठी पत्रांना नव्हती. इंग्रजी वृत्तपत्रांतील उतारे, सरकारी गॅझेटातील हुकूम, गावोगावचे शाळामास्तर, कारकून व वकील यांनी हौसेने पाठवलेली पत्रे आणि इतर देशी पत्रांतून घेतलेले वेचे ही त्यांची शिदोरी होती. रॉयटर या वृत्तसंस्थेची कचेरी मुंबईत १८६६ मध्ये उघडली आणि १८७० मध्ये समुद्राखालील तारायंत्राने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. तरी तारेचा खर्च इंग्रजी दैनिकांनाच परवडणारा असल्याने मराठी पत्रांपर्यंत ती बातमी एक टप्पा उशिरा, अनुवादाच्या वाटेने पोहोचे. या उशिराचा एक फायदाही झाला. ताजेपणाच्या शर्यतीत उतरता येत नसल्यामुळे मराठी संपादकाला बातमीचा अर्थ सांगण्यास, तिच्यावर एक-दोन ओळींची टिप्पणी जोडण्यास सवड मिळाली. ‘केसरी’तील ‘स्फुट सूचना’ या सदराची खुमारी अशा जोडलेल्या ओळींतच असे: बातमी दोन वाक्यांत आणि चिमटा तिसऱ्यात.

छापखान्यातील कामाच्या पद्धतीनेही स्फुटाला जन्म दिला, आणि ही बाजू सहसा दुर्लक्षित राहते. शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करण्याच्या काळात खिळे जुळवणारा कामगार, म्हणजे जुळारी, लाकडी खणांच्या घरांतून एकेक अक्षर उचलून ओळ बांधीत असे. रोमन लिपीला अक्षरे मोजकी लागतात. देवनागरीला मात्र काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे शेकडो निरनिराळे खिळे लागत, त्यामुळे जुळाऱ्याला दोन्ही हातांच्या आवाक्यापलीकडची घरे सांभाळावी लागत. जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखान्यासाठी घडवलेले सुबक खिळे आणि पुढे लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी केलेले प्रयत्न हे याच अडचणीला दिलेले उत्तर होते. अशा रीतीने जुळवलेला लेख रकान्यात बसवला की तळाशी कधी सहा ओळींची जागा उरे, कधी दहा. ती कोरी सोडणे म्हणजे कागद वाया घालवणे आणि शिशाच्या पट्ट्या घालून ओळी विरळ करणे म्हणजे वर्गणीदाराची फसवणूक, म्हणून आधीच जुळवून ठेवलेला एखादा छोटा मजकूर तेथे बसवला जाई. कोणता मजकूर कोणत्या लेखाखाली जाईल याचा निर्णय पुष्कळदा संपादकाच्या मेजावर न होता फर्मा आवळताना, म्हणजे जुळलेली पाने चौकटीत घट्ट बांधताना, होत असे. गंभीर धर्मचर्चेच्या पायथ्याशी अमेरिकेतील एखाद्या अवाढव्य भोपळ्याची हकिगत आढळावी यामागे कोणतेही तत्त्वज्ञान नसून लांबी-रुंदीचा हिशेब होता. तथापि वाचकाच्या मनावर अशा शेजाराचा परिणाम व्हायचा तो झालाच: जग म्हणजे एकमेकांना न ओळखणाऱ्या गोष्टींचा मेळावा आहे, ही आधुनिक जाणीव त्याला या पानांनी दिली.

हा सुटा मजकूर निरुपद्रवी होता अशी मात्र कोणाची समजूत होऊ नये. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाल्यावर सुमारे दीड वर्षातच त्यांच्या चालकांना तुरुंग पाहावा लागला, तो कोणत्याही राजकीय सिद्धांतामुळे नव्हे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या बातम्या येत होत्या आणि संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुण्यास पोहोचली होती. ती खरी मानून पत्रांनी कारभाऱ्यांवर टीका केली. पुण्यास आलेली ती पत्रे बनावट असल्याचे कोर्टात दिसून आले, माफी मागूनही उपयोग झाला नाही आणि जुलै १८८२ मध्ये चालक टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. बाहेरून आलेल्या मजकुराची खातरजमा हा संपादनाचा कणा आहे, हे महाराष्ट्रातील पत्रकारितेने इतकी मोठी किंमत मोजून शिकले. लोकांनी त्या दोघांचे स्वागत वीरांसारखे केले, पण त्यामुळे पत्रे बनावट होती ही गोष्ट बदलत नाही.

पंधरा वर्षांनंतरचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १८९७ चा टिळकांवरील राजद्रोहाचा खटला आठवताना सामान्यतः कोणत्यातरी जळजळीत अग्रलेखाची कल्पना केली जाते. वस्तुतः फिर्यादीचा मुख्य भर १५ जून १८९७ च्या अंकातील दोन मजकुरांवर होता. त्यांतील एक म्हणजे शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली, टोपणनावाने आलेली कविता, आणि दुसरा म्हणजे पुण्यातील शिवाजी उत्सवात झालेल्या भाषणांचा वृत्तान्त, ज्यात अफझलखानाच्या वधाच्या नैतिकतेची चर्चा होती. अंक निघाल्यावर एका आठवड्याने गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा बंदोबस्त पाहणारा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आणि त्या प्रकाशात सरकारने हा मजकूर वाचला. सहा युरोपीय ज्यूररांनी दोषी व तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष असे मत दिले आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ चा खटला अग्रलेखांवर उभा राहिला, हे खरे. परंतु १८९७ मध्ये एका कवितेने आणि एका सभावृत्ताने जे केले ते पाहता, पानावरील मजकुराची उतरंड सरकारला फारशी मान्य नव्हती असे दिसते. सरकारच्या नजरेत प्रत्येक ओळ संपादकाचीच होती.

मासिकांचा मार्ग वेगळा होता, कारण त्यांना आठवड्याच्या घाईची सक्ती नव्हती. लंडनमध्ये १८३२ मध्ये ‘पेनी मॅगझीन’ हे स्वस्त सचित्र साप्ताहिक निघाले आणि उपयुक्त ज्ञान सामान्य माणसापर्यंत नेण्याची कल्पना तेथे रूढ झाली. त्याच वाऱ्याने मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा स्थापन केली आणि १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक सुरू झाले. ते बंद पडण्याच्या सुमारास, १८६७ मध्ये, रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांचे ‘विविधज्ञानविस्तार’ निघाले आणि १९३७ पर्यंत म्हणजे सत्तर वर्षे टिकले. भाषाशास्त्र, इतिहास, प्रवास, पुस्तकपरीक्षण, शास्त्रीय शोध यांच्या जोडीला गुंजीकरांनी आपली ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरीही त्यातून क्रमशः छापली आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ अशा रीतीने माहितीपर लेखांच्या शेजारी झाला. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ पासून तीन दशकांहून अधिक काळ चालवलेल्या ‘बालबोध’ने चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय माहिती हे ताट मुलांसाठी मांडले; त्याची भाषा इतकी निर्मळ आहे की आजही ती वाचताना अडखळावे लागत नाही.

हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ या साप्ताहिकाचे वैशिष्ट्य थोडे निराळे आहे. ते १८९० मध्ये निघाले तेव्हा पुण्यात ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांचे रण पेटलेले होते, आणि आपट्यांनी जाणूनबुजून घरातील सर्वांना वाचता येईल असा मजकूर देण्याचे ठरवले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही बालविधवेची आत्मकथनरूप कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. लांबलेल्या कादंबरीचा हप्ता देऊन उरलेल्या जागेसाठी त्यांनी ज्या एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टी लिहिल्या त्यांना त्यांनी ‘स्फुट गोष्टी’ असे साधे नाव दिले, आणि आधुनिक मराठी लघुकथेचा उगम वाङ्मयाचे इतिहासकार तेथे दाखवतात. म्हणजे ज्याला आज स्वतंत्र वाङ्मयप्रकाराचा मान आहे तो पानावर सुट्या मजकुराच्या हक्कानेच प्रथम आला. काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक काढले. बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली आडनावच धारण केले होते. १९०९ मध्ये त्यांनी काढलेला दिवाळी अंक हा मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो. कथा, कविता, चित्रे, छायाचित्रे, विनोद व माहिती यांचा जो फराळ मराठी कुटुंबे अजूनही दरवर्षी मागतात, त्याची कृती या अंकात सापडते.

येथवर सांगितलेल्या पत्रांत आणि मासिकांत जग पुष्कळ मोठे होते, पण त्यातील माणसे बहुतांशी एकाच थरातील होती. मुंबई-पुण्याच्या शिक्षित पांढरपेशा वर्गाला जे कुतूहलाचे वाटे ते छापले जाई. सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याचे कर्ज किंवा गिरणीतील बाईचे कामाचे तास हे कुतूहलाचेही विषय नव्हते आणि बातमीचेही नव्हते. या मर्यादेला काही अपवाद आढळतात, आणि त्यांतील सर्वांत ठळक अपवाद मिशनऱ्यांच्या पत्रात आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरहून काढलेले ‘ज्ञानोदय’ धर्मप्रसारासाठी होते, तरी त्यात शास्त्र, बातम्या व समाजचर्चा यांनाही जागा असे. १८५५ मध्ये त्याच्या दोन अंकांत मुक्ता साळवे या जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. शाळकरी मुलीने लिहिलेला, पाठवून दिलेला मजकूर म्हणून तो आला. आज दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ सांगताना त्याच्यापासून सुरुवात करावी लागते. त्या अंकांतील इतर मजकूर किती जणांना आठवतो?

सत्यशोधक चळवळीने ही उणीव संघटितपणे भरून काढण्याचा प्रयत्न केला. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवले. गिरण्यांतील कामाचे तास, मजुरीस होणारा उशीर, साप्ताहिक सुटीची मागणी हे सारे त्या पत्रातून वाचकांपुढे येत गेले, आणि १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली तेव्हा तिच्यामागे लोखंड्यांनी उभारलेली संघटना आणि हे पत्र, दोन्ही होती. मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून चालवलेले ‘दीनमित्र’ तर नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून निघत असे. बातमी शहरात तयार होते व खेड्यात पोहोचते, या समजुतीला त्याने छेद दिला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘मूकनायक’ हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पत्राच्या शीर्षभागी तुकारामाचा अभंग होता आणि सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून आंबेडकरांचे नाव नव्हते. त्यातील सदरांची नुसती नावे पाहिली तरी सुटा मजकूर हाताळण्याची एक वेगळी दृष्टी जाणवते. ‘विविध विचार’ आणि ‘निवडक पत्रांतील उतारे’ ही सदरे प्रचलित पठडीतली आहेत. उतारे घेताना इतर पत्रे अस्पृश्यांविषयी काय म्हणतात याची तपासणीच तेथे होते. ‘क्षेम-समाचार’ आणि ‘कुशल प्रश्न’ ही नावे मात्र घरच्या पत्रव्यवहारातून उचललेली आहेत, आणि ‘शेला पागोटे’ या सदराच्या नावात मानाची वस्त्रे देण्याच्या रिवाजाकडे पाहणारा मिस्कीलपणा आहे. ज्या समाजाची खुशाली छापील पानावर कोणी विचारली नव्हती, त्याची खुशाली विचारणे हेच येथे सदर झाले. त्यात केवढा राजकीय आशय भरला आहे हे निराळे सांगावे लागत नाही. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, ही गोष्ट आंबेडकरांनी पुढे नोंदवून ठेवली. १९२७ मध्ये त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले तेव्हा अंकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना पुष्कळदा एकट्यालाच भरावे लागले. अग्रलेखापासून रकान्याच्या तळाच्या टिपणापर्यंत एकच लेखणी चालल्यामुळे या पत्रांतील छोट्या मजकुरालाही अग्रलेखाचा कस आहे, आणि मराठीतील स्फुटलेखनाचे सर्वोत्तम नमुने कोणी मागितले तर ते बहुधा येथूनच द्यावे लागतील.

विसाव्या शतकात सुट्या मजकुराला धंद्याचे रूप आले. १९१५ मध्ये अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्या ‘संदेश’ दैनिकाने महायुद्धाच्या बातम्यांना नाट्यमय मथळे दिले आणि ‘वत्सलावहिनींची पत्रे’ यांसारख्या खेळकर सदरांनी वाचकांना चटक लावली. त्याची चव कधी कधी उथळपणाकडे झुकली, तरी बोलीभाषेला त्याने वर्तमानपत्रात ऐटीत बसवले हे कबूल केले पाहिजे. १९१० मध्ये पुण्याच्या चित्रशाळेने काढलेल्या ‘चित्रमयजगत्’ने चित्रांवर भर दिला. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची खबर ग्राहकांना कळवण्यासाठी निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ शंकरराव किर्लोस्करांच्या हातात पाहता पाहता सर्वसाधारण मासिक बनले आणि नांगराच्या माहितीच्या जागी बुद्धिवाद, स्त्रीशिक्षण व उद्योजकता यांवरील लेख आले. स्वातंत्र्यानंतर नाशिकच्या ‘गावकरी’ संस्थेने काढलेल्या ‘अमृत’ने अमेरिकेतील ‘रीडर्स डायजेस्ट’च्या धर्तीवर वेचक मजकुराचा संग्रह हेच मासिकाचे रूप केले, आणि गावोगावच्या वाचनालयांत त्याचे अंक हातोहात फिरले.

आज हाच मिश्र मजकूर मोबाइलवर अखंड येत असतो, आणि तेथे रकाना संपत नसल्यामुळे तळाची जागा मोजण्याचा प्रश्नच उरलेला नाही. जुन्या पत्रात उताऱ्याखाली मूळ पत्राचे नाव देण्याची रीत होती, निदान ती पाळली नाही तर दुसरे पत्र पुढच्या अंकात कान उपटीत असे. आता मजकूर हातोहात पुढे जाताना प्रथम गळते ते नावच, आणि खोटा निघाल्यास कोणाला जाब विचारावा हे उमगत नाही. बर्वे प्रकरणात निदान शिक्षा कोणाला द्यायची हे कोर्टाला ठाऊक होते.

जुन्या स्फुटांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकापुढे वेगळीच अडचण उभी राहते. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने पुस्तकांचा माग काढणे सोपे केले, पण बिननावी व बिनमथळ्याच्या चार ओळी कोणत्याही लेखकसूचीत बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रत्येक पान उलटावे लागते. कित्येक पत्रांचे तर अंकच उरलेले नाहीत. अशा वेळी मुंबई सरकारचे एक दप्तर कामास येते: देशी पत्रांवर नजर ठेवण्यासाठी सरकार १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून दर आठवड्याला त्यांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा तयार करून घेत असे आणि हे गोपनीय अहवाल अभिलेखागारांत टिकून आहेत. नामशेष झालेल्या काही पत्रांतील ओळी आता तेथेच, आणि त्याही अनुवादात, शिल्लक आहेत. अहवाल करणाऱ्या भाषांतरकाराला राजकारण, सरकारी अंमलदारांवरील तक्रारी आणि धार्मिक तंटे हवे होते; धान्याचे भाव, नाटकमंडळ्यांचे मुक्काम आणि विलायती नवलाच्या गोष्टी त्याने सहसा उतरवून घेतल्या नाहीत.